आठ हजार रुपये, तीन दिवसांचा सेल आणि पहिली इलेक्ट्रिक गिटार

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "काका, सीतादही झालं, पहिला वेचा विकला, त्यातले आठ हजार बाबांनी मला गिटारीसाठी दिले. दोन वर्षं मित्राची साधी गिटार वाजवतो आहे, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. पुढच्या वर्षी देवीच्या मंडळात ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचा विचार आहे. सेलमध्ये एक गिटार अ‍ॅम्पसकट ७,४९९ ला आहे, एमआरपी १४,९९९ दाखवते. दुसरी नुसती गिटार ६,२०० ला आहे. सेल तीन दिवसांनी संपतो. कोणती घेऊ? की थांबू? गावात दाखवायला कोणी नाही."

बेटा, तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोठं वाटलं. गावात दाखवायला कोणी नाही. बाकी सगळं उत्तर या एका वाक्यावरून ठरतं.

मी हिंगणघाटला राहतो. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आणि गेली दहा-बारा वर्षं घरच्या ओसरीत गिटारी दुरुस्त करतो. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या खेड्यांतले पोट्टे एसटीनं येतात, खांद्याला पातळ कापडाची बॅग असते. बहुतेकांची गिटार सेलमधलीच असते आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "काका, बोटं दुखतात, सूर लागत नाही, माझ्या हाताला जमत नाही वाटतं." दहापैकी आठ वेळा हाताचा काही दोष नसतो. गिटार वाजवण्याजोगी करून दिलेली नसते, एवढंच.

त्याचं कारण समजून घे. पाच-सात हजारांच्या गिटारीचं लाकूड आज मशीनवर कापलं जातं, फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मशीननं बसतात आणि ते काम बऱ्यापैकी नेटकं असतं. कारखाना पैसा वाचवतो तो शेवटच्या हातकामात. फ्रेटची टोकं घासणं, तारा ज्या पट्टीच्या खाचांतून मानेवर उतरतात त्या नटच्या खाचा योग्य खोल करणं, तारांची उंची लावणं, सूर जुळवणं, हे सगळं वेळ खाणारं काम असतं आणि स्वस्त गिटारीत ते अर्धवट सोडलेलं असतं. पुण्या-मुंबईचा मुलगा दुकानातून घेतो तेव्हा दुकानातला माणूस ते करून देतो. तुला ते स्वतः करावं लागेल, नाहीतर माझ्यासारख्या कोणाकडे गिटार घेऊन यावं लागेल. म्हणून या आठ हजारांत तुला गिटार, तिचा आवाज काढायची सोय आणि तिला वाजवण्याजोगी करायचं सामान, हे तिन्ही बसवायचं आहे.

एक कबुली आधीच देतो. तू फोटो पाठवलेल्या दोन्ही गिटारी मी हातात घेतलेल्या नाहीत. या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन गिटारी दोन तऱ्हेच्या निघतात, त्यामुळे अमुकच घे असं छातीठोक सांगणं बरोबर नाही. शिवाय तू काय वाजवणार, घरात वीज कशी आहे, किती तास असते, यावरही बरंच अवलंबून आहे. तू सिनेमाची गाणी आणि मंडळाचा ऑर्केस्ट्रा म्हणालास, ते धरून चालतो. नुसतं घरी बसून हेवी मेटल वाजवायचं असतं तर दोन-तीन गोष्टी बदलल्या असत्या.

आधी त्या एमआरपीचा विषय संपवू. १४,९९९ वर काट मारून ७,४९९ लिहिलं म्हणजे तुझे साडेसात हजार वाचले असं होत नाही. तीच गिटार इतर दोन-तीन ठिकाणी कितीला आहे ते बघ, खास करून फक्त वाद्यं विकणाऱ्या साइटवर. सेलच्या बाहेरही ती आठ-साडेआठ हजारांना मिळत असेल तर तुझी बचत पाचशे-हजाराची. ती बचत चांगलीच आहे, पण तेवढ्यासाठी तीन दिवसांत निर्णय घ्यायची घाई नको. त्यापेक्षा विक्रेत्याच्या पानावर परतीचा नियम वाच. "फक्त बदलून मिळेल" आणि "पैसे परत" यात फार फरक आहे. मुदत सात दिवसांची की दहा, तुझ्या पिनकोडवरून वस्तू परत उचलतात की नाही, विकणारा कोण आणि वस्तू कुठे बनली, हेही बघ. खेड्यातून परत पाठवायची सोय नसेल तर पाचशे रुपये स्वस्त असूनही मी ती गिटार घेणार नाही. वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता टाळायला लागला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे तुला यवतमाळच्या पुढे जायची गरज नाही.

आता अ‍ॅम्पसकट की नुसती? मी नुसती घेईन. सेटमध्ये येणारा अ‍ॅम्प बहुधा पाच-दहा वॅटचा, हातभर उंचीचाही नसतो. त्याचा स्पीकर लहान, त्यामुळे जाड तारांचा आवाज दबतो आणि आवाज थोडा वाढवला की फाटतो. मंडळात तो कामाचा नाही, आणि घरी रात्री आवाज केलेला कोणाला चालत नाही. त्यापेक्षा गिटारीच्या जॅकमध्ये थेट खुपसायचा, चार्जिंगवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प घे. हजार-दीड हजारात मिळतो. वीज गेली तरी चालतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. मोबाइलला ऑक्सची वायर लावून त्यावर गाणं सोडलं की गाण्यासोबत वाजवताही येतं. इअरफोन मात्र आवाज बरा देणारा असू दे.

गिटार थेट घरच्या होम थिएटरच्या ऑक्समध्ये लावू नको. लावली तर काही जळणार नाही, पण आवाज मेल्यासारखा येईल, आणि मग तुला वाटेल गिटारच भंगार आहे. इलेक्ट्रिक गिटारीत तारांचा कंप पकडणारा पिकअप असतो, त्यात चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो. त्याला एक मेगाओहमच्या आसपास रोध असलेला इनपुट लागतो, तेव्हाच वरचे सूर मोकळे येतात. ऑक्सच्या इनपुटचा रोध त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही असू शकतो. तो सिग्नल ओढून धरतो आणि सगळी चकाकी जाते. मंडळाच्या मिक्सरलाही हेच लागू आहे. मध्ये एखादा इफेक्ट पेडल किंवा डीआय बॉक्स (गिटारीचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) असला की प्रश्न सुटतो. ऑर्केस्ट्रावाल्यांकडे डीआय असतोच, पुढच्या वर्षी त्यांच्याकडून मागून घे. आज त्यासाठी पैसे घालवू नको.

पैशांचा ढोबळ हिशोब असा: गिटार साडेपाच ते सव्वासहा हजार, हेडफोन अ‍ॅम्प हजार-बाराशे, तारांचा एक जादा सेट तीनशे. उरलेल्या दोन-तीनशेत अ‍ॅलन कीचा सेट, सहा इंची पोलादी पट्टी आणि चांगला पेचकस. यातलं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि ते आयुष्यभर उपयोगी पडतं. साधी केबल लागेल तेव्हा घे, हेडफोन अ‍ॅम्पला ती लागत नाही.

आता गिटारीचा प्रकार. सेलमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो दोन शिंगांचा आकार, १९५४ साली फेंडरनं काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरचा. त्याच्या ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाला, एक दांडी असते, ती दाबली की सूर लवचिक होतात. महागड्या गिटारीत हे छान चालतं. स्वस्त गिटारीत दांडी दोनदा दाबली की सहाही तारा उतरतात. म्हणून जमल्यास न हलणाऱ्या ब्रिजची गिटार घे. फेंडरच्याच टेलिकास्टर या मॉडेलच्या घडणीची गिटार मला खेड्यातल्या मुलासाठी सगळ्यात योग्य वाटते. ती घडण ज्यानं आखली तो लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणून त्यानं मान चार स्क्रूंनी बसवली, सगळं वायरिंग एका पत्र्याखाली ठेवलं आणि पेचकसानं उघडता-जोडता येईल अशी गिटार केली. ज्याच्या गावात दुकान नाही त्याला नेमकं हेच लागतं.

तू सांगितलेली ६,२०० ची गिटार दांडीवाली आहे, असं फोटोवरून दिसतं. ती घेतलीस तरी हरकत नाही. मागचं प्लास्टिकचं झाकण उघड. आत स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकवल्या आहेत त्या पत्र्याचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत जा. ब्रिज लाकडाला घट्ट टेकला आणि तारा ओढल्या तरी उचलला जात नाही, इथपर्यंत आवळ. दांडी काढून ठेव. झाला न हलणारा ब्रिज. फक्त ज्या ब्रिजला तारा बारीक अ‍ॅलन स्क्रूंनी दोन्हीकडे कुलूपबंद करतात, तो तरंगता प्रकार या किमतीत अजिबात घेऊ नको. एक तार तुटली की सगळी गिटार बेसूर होते आणि ती पुन्हा लावायला नवख्याची अर्धी सकाळ जाते.

बॉडी कोणत्या लाकडाची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आपल्या बजेटमध्ये त्याकडे लक्ष देऊ नको. मान, फ्रेट आणि खुंट्या बघ. फ्रेटबोर्डचं मात्र एक सांगतो, कारण मला त्याचं अप्रूप आहे. २०१७ मध्ये शिसवाच्या जातीच्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. पूर्ण झालेल्या वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींत दुसरी लाकडं रुळली होती. त्यातलं "इंडियन लॉरेल" म्हणजे आपला ऐन. भंडारा-गडचिरोलीकडे ज्या झाडावर टसरचे किडे पाळतात तोच. वर्णनात लॉरेल दिसलं तर हलकं लाकूड समजून घाबरू नको. टणक आहे, टिकतं.

पिकअपबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या घरांच्या वायरिंगशी त्याचा थेट संबंध आहे. एका वेटोळ्याचा पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, आवाजाला टणत्कारी आणि स्वच्छ असतो, पण तो घरातल्या विजेचा घुमारही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तो "घूं" आवाज तिचाच असतो. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त इन्व्हर्टर, कूलरची मोटार, सगळे त्यात भर घालतात. १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या इंजिनियरनं दोन वेटोळी उलट्या दिशेनं जोडून आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे ठेवून यावर तोड काढली. तारेचा आवाज दोन्हीत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेला घुमार एकमेकांना मारतो. त्याला हंबकर म्हणतात. म्हणून ब्रिजजवळ एक हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी रचना मिळाली तर आपल्या गावात ती सोयीची. वर्णनात हे एचएसएस असं लिहिलेलं असतं.

घुमार हा कानाला त्रास झाला. अर्थिंगचा प्रश्न जिवाचा आहे, हे मात्र नीट वाच. गिटारीच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या बाहेरच्या जाळीतून, अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पला अर्थिंग नीट असेल तर ती जोडणी फायद्याची. तारांना हात लावला की घुमार कमी होतो तो त्यामुळेच. पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला आणि बोर्डाला अर्थिंगच नसेल, तर तोच करंट तुझ्या बोटांत येतो. आपल्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो आणि वरच्या भोकामागे वायरच नसते. मंडळाच्या मांडवात तर तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेली मी कित्येकदा पाहिली आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मांडवात माझा डावा हात तारांवर होता आणि कोरस द्यायला मी माइकला तोंड लावलं. ओठाला असा झटका बसला की मी दोन पावलं मागे फेकला गेलो. डोळ्यांसमोर पांढरं झालं आणि जिभेवर लोखंडाची चव कितीतरी वेळ राहिली. अ‍ॅम्प एका लाइनवर होता, माइकची मशीन जनरेटरच्या लाइनवर, आणि दोन्हींत अर्थिंग नव्हतं. पावसानं मांडवातली सतरंजी ओली होती. मी वाचलो. तेव्हापासून मी एक गोष्ट कधी चुकवत नाही. प्लग लावल्यावर तारांना हात लावण्याआधी लाइन टेस्टर तारेला टेकवतो, मग माइकच्या जाळीला. दिवा लागला की वाजवणं बंद. बोर्ड बदलतो, वायरमनला बोलावतो, नाहीतर साधी गिटार घेऊन बसतो. टेस्टर पन्नास रुपयांना मिळतो. तो तुझ्या बॅगेत तारा छेडायच्या पिकसोबत कायम असू दे. त्याचा दिवा न लागणं म्हणजे पूर्ण हमी नव्हे, पण लागला तर थांबायचंच.

घरी पुढेमागे अ‍ॅम्प घेशील तेव्हा बाबांना सांगून अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करून घे आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसव. तुझ्या गिटारीपेक्षा घरातल्या फ्रिजला, कूलरला आणि तुझ्या आईला त्याचा जास्त उपयोग होईल. तोवर चार्जिंगचा हेडफोन अ‍ॅम्प चार्जरवरून काढून वापर, म्हणजे मेन लाइनशी संबंधच येत नाही. नुसत्या गिटारीच्या बाजूनं मी का बोललो, याचं हे दुसरं कारण.

गिटार घरी आली की त्या दिवसापासून परतीची मुदत चालू होते. सेलच्या तीन दिवसांपेक्षा हे दिवस महत्त्वाचे आहेत. खोका उघडतानाचा पूर्ण व्हिडिओ काढ, पत्त्याचं लेबल दिसू दे. मग नीट उजेडात खुर्चीवर बस आणि घाई करू नको.

पहिल्यांदा डोक्याकडून मानेला नजर लाव, बंदुकीचा नेम धरतात तशी. दोन्ही कडा एकाच वळणानं जाताना दिसायला हव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली जाते आहे असं दिसलं तर मानेला पीळ आहे. तो घरी काय, माझ्याकडेही निघत नाही. ताबडतोब परत. मान आणि डोकं जुळतं तिथे, नटच्या मागे, केसाएवढी चीर असेल तरी परत. मग सूर लाव आणि सहाही तारांवर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजव. याला वीस मिनिटं लागतात आणि कंटाळा येतो, पण हेच खरं तपासणं आहे. एखाद्या फ्रेटवर सूर मरतो किंवा पुढच्याच फ्रेटचा सूर येतो, तर एखादा फ्रेट वर आला आहे. एकच असेल तर दुरुस्त होतो, चार-पाच जागी असं झालं तर परत कर. बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर पातळ तार वर ओढून बघ. ओढताना आवाज गुदमरला तरी तोच दोष. शेवटी हेडफोन अ‍ॅम्प लावून प्रत्येक पिकअप, प्रत्येक बटण फिरवून बघ. फिरवताना थोडी खरखर चालेल, आवाज गायब झाला तर चालणार नाही.

आता ज्याला घाबरून मुलं गिटार परत करतात, पण जो दोष नव्हे, ते सांगतो. तारा उंच असणं. नवी गिटार बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटर किंवा त्याहून उंच तारांची येते. पोलादी पट्टी फ्रेटवर उभी धरून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोज. जाड तार दोन मिलिमीटरच्या जरा वर, पातळ तार पावणेदोनच्या आसपास आली की स्वस्त गिटार आरामात वाजते. पण उंची लावण्याआधी मानेचा बाक बघायचा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात लग्नपत्रिकेच्या नव्हे, साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या जवळपास. फट जास्त असेल तर मानेच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, अ‍ॅलन कीनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव फेरा आवळायची. फट नसेलच तर उलट दिशेनं पाव फेरा. एका वेळी पावच, आणि पुन्हा सूर लावून अर्धा-एक तास थांबून मोजायचं. आवळायच्या आधी तारा सैल कर. अंगाचा जोर लावावा लागत असेल तर हात काढून घे. सळई तुटली तर ती मान गेली.

हे झाल्यावर ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी तारांची उंची उतरव. मग सूर जुळव. मोकळ्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक घे, म्हणजे तार न दाबता फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेड, मग तिथेच तार दाबून वाजव. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचं खोगीर, म्हणजे ब्रिजवर ती ज्यावर टेकते तो सरकता तुकडा, नटपासून दूर सरकव, उतरता असेल तर जवळ आण. मोबाइलमधला ट्यूनर यासाठी पुरतो.

नटच्या खाचा हे एकच काम आहे जे तू स्वतः करू नकोस. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवर डोकावून बघ. तिथे केसाएवढी फट हवी. कागदाची घडी जाईल एवढी असेल तर खाचा उंच आहेत. अशा गिटारीवर एफ कॉर्ड धरताना मोठ्या माणसाच्याही बोटात कळ येते, आणि सुरुवातीच्या फ्रेटवरचे सगळे कॉर्ड किंचित चढे लागतात. मुलं याच जागी हरतात. खाचा जाडीच्या मापाच्या कानशींनी खोल करायच्या असतात. करवतीच्या पात्यानं प्रयोग केलेल्या गिटारी माझ्याकडे येतात, त्यांना नवा नटच बसवावा लागतो. यवतमाळ, वर्धा किंवा नागपूरला वाद्यं दुरुस्त करणारा माणूस शोध आणि हे एक काम करून घे. खाचांत पेन्सिलचं शिसं घासणं मात्र तू करू शकतोस. तार अडकत नाही, सूर जास्त टिकतो.

सूर टिकत नाही म्हणून खुंट्यांना दोष देण्याआधी नव्या तारा हातानं हलकेच ओढून ताणून घे. ओढ, सूर लाव, पुन्हा ओढ. चार-पाच वेळा केलं की तार स्थिरावते. कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा गंजट असतात, त्या पहिल्या आठवड्यातच बदल. ००९ ते ०४२ चा सेट घे. मित्राच्या साध्या गिटारीपेक्षा या तारा पुष्कळ मऊ लागतील.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. गेल्या मे महिन्यात समुद्रपूरकडचा एक मुलगा गिटार घेऊन आला. डाव्या तळहाताच्या कडेला त्याला बारीक ओरखडे होते, मांजरानं ओरबाडल्यासारखे. गिटार टिनाखाली, खिळ्याला टांगलेली असायची. बाहेर ४५ अंश, हवेत ओलावा नाही, त्यामुळे फ्रेटबोर्डचं लाकूड आकसलं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं दोन्ही कडांनी बाहेर आली. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस टोकं. बारीक कानशीनं तिरकी धरून एकेक घासली, मग हात फिरवला तर काचेसारखी कड लागली. तो मुलगा मान वर-खाली कुरवाळत बसला होता. त्याला वाटलं होतं गिटार संपली.

तू ती बॅगेत ठेवून घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला, मातीची असेल तर उत्तमच, टेकवून ठेव. टिनाखाली नको, कूलरच्या झोतातही नको, तिथे ओलावा अती असतो आणि तारा आठवड्यात गंजतात. गडद रंगाचा, पॉलिश नसलेला फ्रेटबोर्ड कोरडा, पांढुरका दिसला तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आण, दोन थेंब कापडावर घेऊन पुस आणि लगेच कोरड्या कापडानं टिपून घे. स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल नको, ते चिकट होतं. मृगानंतर हवा दमट झाली की मान पुन्हा हलेल. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि पाऊस लागल्यावर, ती व्हिजिटिंग कार्डाची फट मोजायची.

"की थांबू?" याचं उत्तर राहिलं. हातात घेऊन पाहता येणारी जुनी गिटार मला नेहमी सेलमधल्या नव्या गिटारीपेक्षा आवडते. नागपूर, अमरावतीच्या इंजिनियरिंगची मुलं शेवटचं वर्ष संपलं की मे-जूनमध्ये होस्टेल रिकामं करताना गिटारी विकतात. दहा-बारा हजारांची बऱ्यापैकी गिटार सहा-सातला मिळून जाते. तुझ्या ओळखीचं कोणी तिकडे शिकत असेल तर हा रस्ता चांगला आहे. पण त्यासाठी सात महिने थांबायचं आणि तोवर मित्राच्या गिटारीवर दिवस काढायचे, आणि मंडळात वाजवायचं तर तुला वर्षभराचा सराव लागेल. तुझ्या जागी मी असतो तर थांबलो नसतो.

तेव्हा दोन दिवस बाजूला ठेव. आज रात्री ६,२०० च्या गिटारीचा परतीचा नियम वाच आणि त्याच किमतीत न हलणाऱ्या ब्रिजची, ब्रिजजवळ हंबकर असलेली मिळते का ते शोध. मिळाली तर ती घे, नाही मिळाली तर हीच घे आणि मागच्या स्प्रिंगा आवळ. आल्यावर बाराव्या फ्रेटवरची दोन्ही तारांची उंची आणि सातव्या फ्रेटवरची फट मोजून, बाजूनं काढलेल्या मानेच्या फोटोसकट मला लिहून पाठव. अ‍ॅलन कीला हात त्यानंतरच लाव. आकडे बघून किती फेरा द्यायचा ते मी सांगतो.